बँकॉकचा बंद आणि आपली सहल

२५ नोव्हेंबर २००८ रोजी पिवळे शर्ट घातलेल्या हजारो निदर्शकांनी बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळाचा ताबा घेतला. पाठोपाठ जुने डॉन मुआंग विमानतळही बंद पडले. 'पीपल्स अलायन्स फॉर डेमोक्रसी' या आघाडीला पंतप्रधान सोमचाय वोंगसावत यांचे सरकार घालवायचे होते. सोमचाय हे पदच्युत पंतप्रधान थक्सिन शिनावात्रा यांचे मेहुणे, आणि थक्सिन यांची सावलीही सत्तेवर नको, अशी या आघाडीची भूमिका होती. लाखो प्रवासी अडकले. पट्टायाजवळच्या ऊ-तापाओ या नौदलाच्या तळावरून काही विमाने सुटली, पण तो तळ एवढ्या गर्दीसाठी बांधलेलाच नव्हता. २ डिसेंबरला घटनात्मक न्यायालयाने सत्ताधारी पक्ष बरखास्त केला, सोमचाय पायउतार झाले आणि त्यानंतरच वेढा उठला. आपल्याकडे तो आठवडा २६/११ चा होता. मुंबईच्या दुःखापुढे बँकॉकची बातमी झाकोळून गेली, यात नवल नाही. तरीही तिच्याकडे आज पुन्हा पाहायला हवे, कारण परदेशी पाहुणा आणि यजमान देशाचे राजकारण यांचे नाते तिने जितके उघडे केले तितके क्वचितच कशाने केले असेल.

प्रश्न असा की निदर्शक विमानतळावर का गेले? पंतप्रधानांचे कार्यालय असलेले 'गव्हर्नमेंट हाउस' तर त्यांनी २६ ऑगस्टपासूनच व्यापले होते. तीन महिने सरकार दुसरीकडून कारभार चालवत राहिले आणि पडले नाही. ऑगस्टच्या अखेरीस फुकेत, क्राबी आणि हात याई येथील विमानतळ अडवून पाहिले, तेव्हा सरकार कुठे हलते याचा अंदाज आला होता. सत्तेचे कार्यालय ताब्यात घेऊन जो दबाव निर्माण झाला नाही, तो पर्यटकांचे येणे-जाणे रोखल्याने होईल, हे आंदोलकांनी ओळखले होते. म्हणजे सुट्टीसाठी आलेला, थायलंडच्या राजकारणाशी आपला काही संबंध नाही असे मानणारा माणूस त्या आठवड्यात त्या राजकारणाचा सर्वांत मोठा तारण ठेवलेला ऐवज झाला होता.

अशांत शहरात जायचे ठरवताना आपण एकच प्रश्न विचारतो : आत्ता जाणे सुरक्षित आहे का? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. शहरात जे चालले आहे ते तिथल्या लोकांचे, आणि आपण काचेपलीकडून पाहणारे, असे त्यात गृहीत धरलेले असते. माझे म्हणणे असे की पर्यटक त्रयस्थ नसतो. त्याच्या येण्यावर सरकारची पत ठरते, त्याच्या अडकण्यावर आंदोलनाची ताकद मोजली जाते, आणि त्याने काढलेला फोटो कुणाच्या तरी बाजूने साक्ष देतो. एकदा हे मान्य केले की जावे की जाऊ नये, आणि गेल्यावर कसे वागावे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगळ्या रीतीने शोधावी लागतात. बँकॉक हे त्यासाठी उत्तम उदाहरण आहे. एक तर गेल्या वीस वर्षांत या शहराने दोन लष्करी उठाव आणि अनेक मोठी आंदोलने पाहिली. दुसरे म्हणजे परदेश म्हटला की महाराष्ट्रातल्या असंख्य कुटुंबांच्या यादीत पहिले नाव याच शहराचे असते. २०१९ मध्ये थायलंडला सुमारे ४ कोटी परदेशी पर्यटक आले, त्यांत सुमारे २० लाख भारतीय होते. नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाची अट शिथिल झाल्यावर हा ओघ पुन्हा तितकाच वाढला.

थायलंडमध्ये पर्यटन आणि सत्ता यांची गाठ जुनी आहे. तिथली सरकारी पर्यटन संस्था १९६० मध्ये स्थापन झाली, ती फील्ड मार्शल सरित थनारत यांच्या लष्करी राजवटीत. पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांना विश्रांतीसाठी थायलंडला पाठवले जाऊ लागले आणि हॉटेले, बार, पट्टायासारखे किनारे त्या पैशावर वाढले. 'हसऱ्या लोकांचा देश' ही प्रतिमा जगभर गेली, तेव्हा देशात संसदेपेक्षा बराकींचा शब्द मोठा होता. ऑक्टोबर १९७३, ऑक्टोबर १९७६ आणि मे १९९२ मध्ये बँकॉकच्या मध्यभागी निदर्शकांवर गोळ्या चालल्या. आज पर्यटक ग्रँड पॅलेस पाहून ज्या राचदम्नोन रस्त्याने पुढे जातो, तो रस्ता आणि त्यावरचे लोकशाही स्मारक यातल्या बऱ्याच रक्तपाताची जागा आहे. बॅकपॅक घेऊन फिरणाऱ्यांचा आवडता खाओ सान रस्ता तिथून चालत काही मिनिटांवर आहे. पर्यटकांचे बँकॉक आणि आंदोलकांचे बँकॉक अशी दोन शहरे नाहीतच, नकाशावर ती एकमेकांवर बसलेली आहेत.

१९ सप्टेंबर २००६ च्या रात्री लष्कराने थक्सिन यांचे सरकार उलथवले. त्यानंतरच्या दिवसांत जगभर पोहोचलेली छायाचित्रे आठवा : रणगाड्यांवर पिवळ्या फिती, सैनिकांच्या हातात फुले, आणि रणगाड्यापुढे उभे राहून हसणारी पर्यटक कुटुंबे. थक्सिनविरोधी शहरी मध्यमवर्गाने उठावाचे स्वागत केले, हे खरे. पण फोटोतल्या परदेशी माणसांना त्या वादाची एकही बाजू ठाऊक नसावी. तरीही 'पाहा, सगळे शांत आहे, लोक आनंदात आहेत' हे उठाव करणाऱ्यांना जे सांगायचे होते, ते या फोटोंनी फुकटात सांगितले. राज्यघटना रद्द झाली होती, राजकीय सभांवर बंदी आली होती, आणि जगाला दिसत होता तो सहलीचा प्रसंग. रणगाड्यासमोर उभ्या राहिलेल्या पर्यटकाच्या मनात वाईट काही नव्हते, यात शंका नाही. पण चित्राचा परिणाम मनातल्या हेतूवर अवलंबून नसतो.

पुढच्या वाटचालीत थक्सिन यांचे समर्थक, लाल शर्टवाले, आले. थक्सिन यांच्या योजनांनी ज्यांच्या गावात पहिल्यांदा स्वस्त दवाखाना आणि कर्ज पोहोचले, ते ईशान्येकडच्या इसान प्रदेशातले आणि उत्तरेकडचे शेतकरी-कष्टकरी हा या आंदोलनाचा मुख्य आधार. एप्रिल २००९ मध्ये त्यांनी पट्टायातल्या पंचतारांकित हॉटेलात चाललेली आसियान देशांची शिखर परिषद उधळली आणि काही नेत्यांना हेलिकॉप्टरने हलवावे लागले. ३ एप्रिल २०१० रोजी ते बँकॉकमधल्या राचप्रसोंग चौकात बसले. या चौकाभोवती सेंट्रल वर्ल्ड हा प्रचंड मॉल, आलिशान हॉटेले आणि एरावान हे ब्रह्मदेवाचे प्रसिद्ध देवस्थान आहे. खेड्यातून आलेली माणसे श्रीमंतांच्या बाजारपेठेच्या दारात सहा आठवडे चटया टाकून बसली, आणि हीच त्यांच्या आंदोलनाची भाषा होती. १० एप्रिलच्या रात्री लोकशाही स्मारक आणि खाओ सानलगतच्या खोक वुआ चौकात सैन्य आणि निदर्शक यांच्यात झालेल्या चकमकीत वीसहून अधिक माणसे मेली. रॉयटर्सचे जपानी कॅमेरामन हिरो मुरामोतो त्यांत होते. १९ मे रोजी सैन्याने राचप्रसोंगची छावणी मोडून काढली. इटालियन छायाचित्रकार फाबियो पोलेंगी त्या दिवशी गोळी लागून गेले, सेंट्रल वर्ल्डला आग लागली, आणि शेजारच्या वात पथुम वनाराम या बौद्ध विहारात आसरा घेतलेल्यांपैकीही सहा जण मारले गेले. त्या वसंतात एकूण ९० हून अधिक माणसांचा जीव गेला.

भारतीय सहलींना हा नकाशा परका नाही. राचप्रसोंगच्या उत्तरेला थोड्या अंतरावर प्रातुनाम आहे. भारतीय गटांची हॉटेले, भारतीय जेवण देणारी ठिकाणे आणि घाऊक कपड्यांचा बाजार यांमुळे आपल्याकडचे असंख्य लोक तिथेच उतरतात. तिथून पुढे जाणाऱ्या राचप्रारोप रस्त्यावर मे २०१० मध्ये सैन्याने 'इथे प्रत्यक्ष गोळीबार होईल' अशा अर्थाचे फलक लावले होते. जवळच राचदम्री रस्त्यावर बिग सी हे दुकान आहे. परतीच्या आदल्या दिवशी चॉकलेटे आणि सुकामेवा घ्यायला आपले लोक जातात तेच. २३ फेब्रुवारी २०१४ रोजी या दुकानासमोर झालेल्या स्फोटात एक स्त्री आणि दोन लहान मुले गेली.

तो काळ दुसऱ्या आंदोलनाचा होता. थक्सिन यांच्या भगिनी यिंगलक पंतप्रधान असताना त्यांच्याविरुद्ध सुतेप थौगसुबान यांच्या नेतृत्वाखाली १३ जानेवारी २०१४ पासून 'बँकॉक बंद' पुकारला गेला. शहरातले प्रमुख चौक अडवले गेले, त्यांत राचप्रसोंग होता, सिलोम होता आणि असोकही होता. भारतीय दूतावास असोकपासून जवळच, सुखुमवित रस्त्याच्या एका गल्लीत आहे. म्हणजे अडचणीत ज्या दाराशी जायचे, त्याचीच वाट आंदोलनाच्या मांडवातून जात होती. मात्र या वेळी नेत्यांनी विमानतळ अडवणार नाही असे आधीच सांगितले. २००८ चा धडा त्यांनी घेतला होता : विमानतळ बंद करून सरकार पडते, पण देशाचे नाव जाते. शिवाय जुन्या आंदोलनाच्या नेत्यांवर विमानतळ प्राधिकरणाला ५२ कोटी बाहतहून अधिक भरपाई देण्याचा न्यायालयीन आदेशही तोपर्यंत झाला होता. २२ मे रोजी जनरल प्रयुत चान-ओचा यांनी सत्ता घेतली आणि रात्री १० ते पहाटे ५ अशी संचारबंदी लागू केली. ती सर्वांत आधी कुठे उठली? पट्टाया, फुकेत आणि सामुई येथे, ३ जूनला. बँकॉकच्या रहिवाशांना आणखी काही दिवस थांबावे लागले. पर्यटकाला रात्री फिरता यावे ही गरज नागरिकाच्या स्वातंत्र्याआधी पूर्ण झाली. पाहुणा राजकारणाबाहेर असतो असे म्हणणाऱ्याने या एका निर्णयाचा विचार करावा.

यावर पहिला आक्षेप आकड्यांचा येतो. एवढ्या वर्षांत किती पर्यटक मेले? २०१० मध्ये गेलेले दोघे परदेशी पत्रकार होते, कामासाठी गोळीबारात शिरलेले. मग सामान्य प्रवाशाने घाबरायचे कशाला? आक्षेपात तथ्य आहे. अशांत शहरातही धोका सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. तो ठरावीक चौकांत, ठरावीक रात्री साचतो, आणि तिथून दूर राहणारा माणूस बहुधा सुखरूप असतो. पण याच आकड्यांची दुसरी बाजू अशी की पर्यटकाला गोळीपेक्षा अडकणे अधिक छळते. २००८ मध्ये ज्यांची विमाने रद्द झाली, त्यांच्यात मधुमेहाची मोजकी औषधे घेऊन निघालेले वृद्ध असणार, लहान मुले असलेली कुटुंबे असणार, संपत आलेल्या रजेवरचे नोकरदार असणार. शिवाय 'पर्यटक भागात काही होत नाही' हा समज १७ ऑगस्ट २०१५ ला मोडला. एरावान देवस्थानात बॉम्बस्फोट होऊन २० माणसे गेली, आणि त्यांतले बहुतेक परदेशी होते. तो स्फोट रस्त्यावरच्या आंदोलनाचा भाग नव्हता, पण पर्यटकांची गर्दी हेच कुणाचे तरी लक्ष्य असू शकते, हे त्याने दाखवले.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो : मग जाऊच नये. लष्करशाहीला आपला पैसा कशाला द्यायचा? हा विचार उथळ नाही. शेजारच्या म्यानमारमध्ये लष्करी राजवटीने १९९६ हे पर्यटन वर्ष म्हणून गाजवायचे ठरवले, तेव्हा आंग सान स्यू ची यांनी पर्यटकांना न येण्याचे आवाहन केले होते. पुढे २०१० मध्ये त्यांच्या पक्षाने भूमिका बदलली, सरकारशी जोडलेल्या मोठ्या गटसहलींना विरोध ठेवला, आणि स्वतंत्रपणे येणाऱ्यांना मोकळीक दिली. या बदलात शिकण्यासारखे आहे. बहिष्काराला अर्थ तेव्हा येतो जेव्हा तिथले लोक तो मागतात. थायलंडमध्ये लाल किंवा पिवळ्या कोणत्याच मोठ्या आंदोलनाने जगाला येऊ नका असे सांगितलेले नाही. सांगतीलच कसे? बँकॉकची टॅक्सी चालवणारा, रस्त्यावर पपईचे सोम-ताम कुटणारी, हॉटेलातल्या खोल्या आवरणारी माणसे मोठ्या संख्येने त्याच इसानमधून आलेली आहेत, जिथून लाल शर्ट आले. मंदी आली की आधी त्यांची रोजंदारी जाते, जनरलच्या पगाराला धक्का लागत नाही. म्हणून सरसकट न जाणे हा शहाणपणाचा मार्ग नाही. पण पैसा कुठे खर्च होतो, याचा विचार पर्यटकाच्या हातात आहे. आंदोलनाच्या काळात रिकाम्या पडलेल्या छोट्या खाणावळीत जेवणे, पुढे ढकलता येते ते बुकिंग रद्द न करणे, स्थानिक वाटाड्याला ठरलेले पैसे देणे, ही कामे साधी आहेत आणि ती खऱ्या माणसापर्यंत पोहोचतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो सुजाण लोक घेतात. ते म्हणतात, लोकशाहीसाठी लढणाऱ्यांबरोबर उभे राहणे हे माणुसकीचे काम आहे. परदेशी कॅमेरा समोर असला की पोलीस संयम ठेवतात, मग पर्यटकाने साक्षीदार का होऊ नये? साक्षीदार होण्यासाठी दोन गोष्टी लागतात : काय पाहतो आहोत याची समज आणि त्याची किंमत मोजण्याची तयारी. मुरामोतो आणि पोलेंगी यांच्याकडे दोन्ही होत्या. पर्यटकाकडे परतीचे तिकीट असते, किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. थायलंडच्या दंडसंहितेतील कलम ११२ नुसार राजघराण्याच्या अवमानाला प्रत्येक गुन्ह्यामागे ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे. २०२० मध्ये तीन बोटे उंचावून रस्त्यावर आलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांवर हे कलम लागले. अशा गर्दीत एखाद्या मुलीच्या हातातल्या फलकासकट तिचा चेहरा टिपून तो जगापुढे टाकणे म्हणजे तिच्याविरुद्धचा पुरावा तयार करणे ठरू शकते. आणि परक्याने सामील होण्याचा परिणाम परक्यावरही होतो. २०१४ च्या आंदोलनाला उघड पाठिंबा दिल्यावरून, कित्येक दशके थायलंडमध्ये राहिलेल्या भारतीय वंशाच्या एका व्यावसायिकाला देशाबाहेर काढण्याचा आदेश सरकारने काढला होता. आठ दिवसांसाठी आलेल्या माणसाने शिट्टी आणि घोषणांचा टी-शर्ट विकत घेऊन मिरवणुकीत उभे राहणे हा पाठिंबा ठरत नाही. दुसऱ्याच्या संघर्षाचा तो तमाशा होतो. आदर दाखवायचा तर अंतर राखावे, चेहरे टिपू नयेत आणि परतल्यावर वाचावे.

चौथा आक्षेप व्यवहारी आहे. सहलीला जाणाऱ्याने एवढा अभ्यास करायचा का? कंपनीला पैसे दिले, पुढचे ती पाहील. पण लागणारा अभ्यास थोडा आहे. थायलंडचे राजकारण ठरावीक जागांवर आणि ठरावीक तारखांना तापते. जागा वर आल्याच आहेत. तारखा दोन प्रकारच्या : स्मृतिदिन, म्हणजे १९ मे, १९ सप्टेंबर, ६ आणि १४ ऑक्टोबर, आणि न्यायालयाच्या निकालांचे दिवस. २००८ मध्ये सोमचाय, मे २०१४ मध्ये यिंगलक, ऑगस्ट २०२४ मध्ये स्रेत्ता थवीसिन आणि २९ ऑगस्ट २०२५ ला पैतोंगतार्न शिनावात्रा, हे सगळे पंतप्रधान न्यायालयाच्या निकालाने गेले. पैतोंगतार्न यांच्याविरुद्ध जून २०२५ मध्ये विजय स्मारकापाशी मोठी सभा झालीच होती. जाण्याआधी पुढच्या पंधरवड्यात असा निकाल आहे का, हे पाहायला दहा मिनिटे पुरतात. एवढी दहा मिनिटे सहल कंपनीने तर द्यायलाच हवीत. बहुतेक प्रवास विम्यांत युद्ध, दंगल, लष्करी कायदा यांविषयी अपवाद असतात आणि प्रवाशाला ते ठाऊक नसतात. २०१४ च्या लष्करी कायद्यानंतर थायलंडच्या पर्यटन खात्याला खास पर्यटकांसाठी वेगळी विमा योजना आणावी लागली, यावरूनच नेहमीच्या विम्याची मर्यादा कळते. हॉटेल कोणत्या चौकाजवळ आहे, विमाने बंद पडली तर मुक्कामाचा खर्च कोण करणार, गटातल्या वृद्धांची जादा औषधे आहेत का, ही माहिती आगाऊ रक्कम घेण्याआधी लेखी मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट पर्यटकांच्या विस्मरणाची आहे. ९० हून अधिक बळी घेणाऱ्या २०१० मध्येही थायलंडला आलेल्या पर्यटकांची संख्या आदल्या वर्षीपेक्षा वाढून सुमारे १ कोटी ५९ लाख झाली. उठावाच्या २०१४ मध्ये ती २ कोटी ६५ लाखांवरून २ कोटी ४८ लाखांवर आली आणि लगेच पुढच्या वर्षी, उठाव करणारेच सत्तेवर असताना, ३ कोटींच्या जवळ गेली. पर्यटक परतले याचा आनंद टॅक्सीवाल्याला झाला, तो योग्यच. पण जगाची आठवण दोन हंगामांपेक्षा जास्त टिकत नाही, हे जनरलांच्याही लक्षात आले. मुंबईकरांना यातले दुसरे टोक ठाऊक आहे. २६/११ नंतर परदेशी सरकारांनी आपल्या नागरिकांना सावध केले तेव्हा, पाहुण्यांनी या शहराला केवळ धोक्याची जागा समजू नये असे आपल्याला वाटत होते, आणि झालेले विसरून केवळ ताजची छायाचित्रे काढून जावे असेही वाटत नव्हते. यजमान म्हणून आपल्याला जे हवे होते, तेच पाहुणे म्हणून आपण बँकॉकला द्यायला हवे.

म्हणून माझा निष्कर्ष असा : अशांत शहरात जायला हरकत नाही, अजाण होऊन जायला आहे. गोळीबार चालू असेल, विमानतळ धोक्यात असेल किंवा आपल्या सरकारने जाऊ नका असे सांगितले असेल, तर सहल पुढे ढकला, रद्द करण्याची घाई करू नका. जात असाल तर चौकांची आणि तारखांची माहिती घ्या, निदर्शनांपासून दूर राहा, सैनिकाबरोबर हसरा फोटो काढू नका आणि आंदोलकाचा चेहरा जगापुढे टाकू नका. खर्च करताना रिकाम्या पडलेल्या छोट्या दुकानाकडे आधी वळा. आणि परत आल्यावर कुणी विचारले की तिथे सगळे ठीक आहे ना, तर 'मस्त आहे' एवढेच सांगून थांबू नका. तिथले लोक कशासाठी रस्त्यावर आहेत, हेही दोन वाक्यांत सांगा.